पूर्ण किंमत कशाची? बंदुकीचा खेळ आणि क्विंटलभर सोयाबीन

मागचं व्याख्यान 'मूल्य' या शब्दावर झालं होतं. त्यावर आलेले बहुतेक प्रश्न नेहमीचे होते: मूल्य वस्तूत असतं की बघणाऱ्याच्या मनात, मूल्य आणि किंमत एकच का, वगैरे. एक प्रश्न मात्र रिसोड तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा होता, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला. त्याने लिहिलं, "सर, एक शूटर गेम येतोय. मला त्यातलं फक्त कॅम्पेन खेळायचंय. ते सहा तासांत संपतं म्हणतात. किंमत साडेपाच हजार. घ्यावा का? प्रश्न फालतू वाटला तर सोडून द्या."

मला तो फालतू वाटला नाही. तत्त्वज्ञानात आपण 'मूल्य, मूल्य' करत चाळीस-चाळीस वर्षं शिकवतो आणि समोरचं पोरगं विचारतं, मग साडेपाच हजार देऊ की नको? याचं उत्तर देता येत नसेल तर आमच्या शिकवण्याचा उपयोग काय? म्हणून आजचा तास त्या एका प्रश्नाला.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण ऐकणाऱ्यांत माझ्या वयाचेही बरेच आहेत. शूटर म्हणजे ज्यात पडद्यावर आपल्या हाती बंदूक असते आणि नेम धरायचा असतो, असा व्हिडिओ गेम. पबजीमुळे हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोचला. पण पबजीत शंभर जण एकमेकांविरुद्ध उतरतात, एक डाव संपला की दुसरा, त्याला शेवट नाही. कॅम्पेन म्हणजे एकट्याने खेळायची, कथा असलेली मोहीम. ती कादंबरीसारखी सुरू होते आणि कादंबरीसारखी संपते. आणि हो, पैसे लावून खेळायचे जे प्रकार, ज्यांवर २०२५ साली केंद्राने कायद्याने बंदी आणली, त्यांचा याच्याशी संबंध नाही. पालकांनी ही गल्लत करू नये.

आता 'पूर्ण किंमत'. मोठ्या कंपन्यांच्या गेमची किंमत अमेरिकेत बराच काळ ६० डॉलर होती, २०२० नंतर ती ७० डॉलरवर गेली. आपल्याकडे तोच माल पाच-साडेपाच हजारांच्या घरात येतो. गेम बाजारात आल्या दिवशी जी किंमत असते ती पूर्ण किंमत. काही महिन्यांनी ती उतरू लागते. हा उतार लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

त्या विद्यार्थ्याने स्वतःच एक हिशेब मांडला होता. साडेपाच हजार भागिले सहा, म्हणजे तासाला नऊशेच्या वर. सिनेमाला दीडशे रुपयांत अडीच तास, म्हणजे तासाला साठ. त्यामुळे गेम महाग. तरुण मंडळींमध्ये हा हिशेब फार चालतो: एका तासाला किती रुपये पडले. दिसायला चोख आहे. पण जरा पुढे नेऊन बघा. आपली शकुंतला आठवते का? कापूस न्यायला घातलेली ती अरुंद रुळांची गाडी, मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जायची, ११३ किलोमीटर. सायकलवाला मागे टाकेल अशी चाल आणि तिकीट नाममात्र. तासाच्या हिशेबाने शकुंतलेइतकी स्वस्त करमणूक जगात झाली नसेल! (हशा) कोणी नुसत्या त्या हिशेबासाठी तिकीट काढलं का? नाही. कारण तास हे आनंदाचं माप नव्हे, ते फक्त आनंदाला लागणारं भांडं आहे. भांडं मोठं म्हणून दूध जास्त, असं नाही.

दुधाचं निघालंच आहे तर सांगतो. दूध नुसतं लिटरवर घेतलं तर काय होतं, हे डेअरीवाल्याला सांगायला लागत नाही. पाणी वाढतं. म्हणून तो फॅट बघतो. गेमच्या धंद्यात हेच झालं. गिऱ्हाईक तास मोजायला लागलं तसे बनवणारे तास वाढवायला लागले. मोठाले रिकामे नकाशे, शंभर ठिकाणी विखुरलेल्या वस्तू गोळा करा, तीच चौकी दहा वेळा जिंका. चाळीस तास भरतात, आणि त्यातले तीस तास पाणी. तेव्हा सहा तासांचं कॅम्पेन आहे म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. ते आटवलेलं दूधही असू शकतं.

मग फॅट कुठे लागतो? इथे बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाची मला फार मदत होते. १९७८ साली त्याने 'द ग्रासहॉपर' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने खेळाची व्याख्या केली, ती माझ्या शब्दांत अशी: गरज नसलेले अडथळे आपण आपल्या मर्जीने ओलांडायचा प्रयत्न करतो, त्याला खेळ म्हणायचं. विटी हाताने उचलून पलीकडे नेता येते की! पण आपण दांडूनेच मारायची असं ठरवतो, आणि त्या ठरवण्यातून खेळ जन्मतो. हे पटलं तर एक गोष्ट उघड होते. गेम विकत घेताना तुम्ही सोय विकत घेत नाही, तुम्ही अडथळे विकत घेता. तेव्हा विचारायचं ते असं की अडथळे कसे आहेत? ते नवे आहेत, की पहिल्या तासाचाच अडथळा सहाव्या तासालाही पुढ्यात आला?

उदाहरण देतो. 'टायटनफॉल २' नावाचा एक शूटर २८ ऑक्टोबर २०१६ ला आला. कॅम्पेन साधारण सहा तासांचं. नातू खेळत होता आणि मी शेजारच्या खुर्चीत होतो. त्यात एक टप्पा आहे. एक मोठी प्रयोगशाळा, ती आज उद्ध्वस्त झालेली आहे, आणि तुमच्या मनगटावर एक यंत्र आहे. कळ दाबली की तीच जागा पूर्वी होती तशी, शाबूत. पुन्हा दाबली की आजची, जळकी. समोर आग आहे? भूतकाळात जा, तिथे आग नाही. भूतकाळात पहारेकरी आहेत? आजमध्ये या, ते मेलेले आहेत. शेवटी तर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडी मारताना मधल्या हवेतच काळ बदलावा लागतो. हा सगळा प्रकार अर्ध्या-पाऊण तासाचा. मग ते यंत्र काढून घेतात आणि पुन्हा कधी देत नाहीत. एखादी कल्पना आणायची, नीट खेळवायची, आणि कंटाळा यायच्या आत उचलून ठेवायची. आमच्या नात्यागोत्यातल्या काही वक्त्यांना हे जमलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसरं उदाहरण 'कॉल ऑफ ड्यूटी ४', २००७ सालचं. तुम्ही एक सैनिक आहात, तासभर शूरपणे लढलात, हेलिकॉप्टरने निघालात, आणि मागे अणुस्फोट होतो. हेलिकॉप्टर पडतं. पुन्हा डोळे उघडतात तेव्हा तुम्हाला जेमतेम सरपटता येतं. हातात बंदूक नाही. नेम धरायला कोणी नाही. वर आकाशात तो ढग. थोडं सरपटता, आणि मरता. इतकंच. या प्रसंगाचा दर तासाला नऊशे धरायचा का? भरताने नाट्यशास्त्रात सांगितलं की युद्ध, मृत्यू असे प्रसंग रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून कळवावेत. इथे उलट केलंय. प्रेक्षकालाच मरायला लावलंय, आणि रौद्राच्या ऐन मध्यात करुण आणून ठेवलाय. शूटरमध्ये वीर, रौद्र, भयानक, बीभत्स हे चार रस घाऊक मिळतात. पण सहा तास नुसता रौद्र म्हणजे सहा तास नुसता तबला, आणि तोही एकाच ठेक्यात. चांगल्या कॅम्पेनमध्ये रस पालटतात. असं काही त्यात आहे की नाही, हे परीक्षण वाचून कळतं. कथा फोडून न घेताही कळतं, फक्त परीक्षण लिहिणारा शहाणा हवा.

शहाणा म्हणजे कोण? मिलने आनंदात उच्च-नीच असा भेद केला तेव्हा विचारलं गेलं की निवाडा कोणी द्यायचा. त्याचं म्हणणं असं की ज्याने दोन्ही आनंद चाखले आहेत त्याने. ही कसोटी इथे जशीच्या तशी लागते. जो रात्रंदिवस दहा जणांबरोबर ऑनलाईन खेळतो आणि कॅम्पेन हा पोरांचा सराव समजतो, त्याचं मत कॅम्पेनबाबत घेऊ नका. आणि जो सगळ्याच कॅम्पेनला डोक्यावर घेतो त्याचंही नको.

बंदुकीचं काय, असं दर वेळी कोणीतरी आई विचारते, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपली भूमिका पुन्हा मांडली. हिंसक गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी मात्र लहानसा संबंध दिसतो, असं ते म्हणाले. वयाची अट डब्यावर छापलेली असते, ती पाळावी. यापेक्षा जास्त घाबरायचं कारण मला दिसत नाही. घाबरायचंच असेल तर पुढच्या मुद्द्याला घाबरा.

तो मुद्दा काळाचा. मोठे शूटर बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. तिकडे नाताळची खरेदी असते म्हणून. आपल्याकडे त्याच वेळी काय असतं? सोयाबीन निघतं. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठल्याही बाजार समितीच्या आवारात जाऊन उभे राहा, ट्रॅक्टरच्या रांगा. सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. हमीभाव कागदावर आणि बाजारातला भाव त्याच्या खाली, हे आपण बघत आलोच आहोत. जो थांबू शकतो, ज्याच्याकडे साठवायला जागा आहे, ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी नाही, तो माल ठेवतो आणि भाव वाढायची वाट बघतो. वाढेलच अशी खात्री नाही, पण वाट तरी बघता येते. बाकीचे त्याच आठवड्यात विकून मोकळे होतात.

आता गेम बघा. बरोबर उलटं. सोयाबीन आल्या दिवशी स्वस्त, गेम आल्या दिवशी महाग. सोयाबीनवाल्याला थांबायला खर्च येतो: गोदाम, व्याज, सुटणारा ओलावा. गेम घेणाऱ्याला थांबायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. टायटनफॉल २ चीच गोष्ट घ्या. 'बॅटलफिल्ड १' एक आठवडा आधी आणि त्या वर्षीचा कॉल ऑफ ड्यूटी एक आठवडा नंतर, अशा दोन हत्तींच्या मध्ये ते सापडलं. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, आणि काही आठवड्यांतच ते सवलतीत मिळू लागलं. तोच गेम, तीच प्रयोगशाळा, तेच मनगटावरचं यंत्र. पहिल्या दिवशी घेणाऱ्याला जे मिळालं त्यातला एक क्षणही उशिरा घेणाऱ्याला कमी मिळाला नाही.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस याने १९७२ साली टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीवर एक छोटा, चलाख लेख लिहिला. त्याचं सूत्र असं: वस्तू टिकाऊ आहे आणि भाव उतरणार हे गिऱ्हाइकाला माहीत आहे, तर गिऱ्हाईक थांबेल, आणि मग मक्तेदाराच्या हातातली सत्ता निसटेल. कंपन्यांना हे आपल्याहून चांगलं कळतं. म्हणून त्या तुम्हाला थांबू न देण्याचा बंदोबस्त करतात. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर ३' हा २०२३ चा गेम १० नोव्हेंबरला येणार होता. ज्यांनी आगाऊ पैसे भरले त्यांना कॅम्पेन २ नोव्हेंबरलाच उघडून दिलं. म्हणजे परीक्षणं यायच्या आत पैसे खिशात. मग कॅम्पेन कसं निघालं? फार आखूड, आणि त्यातली काही कामं ऑनलाईन खेळाच्या सामानातूनच उरकलेली, अशी टीका जगभर झाली. माझंही मत त्याहून वेगळं नाही. पूर्ण किमतीला ते घेऊ नये. टायटनफॉल २ चं कॅम्पेनही आखूडच होतं, पण त्याला मी त्या किमतीच्या लायकीचं म्हणेन. तास दोघांचे जवळपास सारखे. तास मोजून हा फरक तुम्हाला कधीच सापडला नसता.

लायकीचं म्हणेन, पण तरी त्या दिवशीच घ्यावं असं म्हणणार नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि आपली पोरं ते एक करतात. 'या वस्तूचं मोल इतकं आहे का?' हा एक. 'ते मोल मला आजच चुकवायला हवं का?' हा दुसरा. ऑनलाईन खेळायचं असेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' येऊ शकतं, कारण तिथे गर्दी पहिल्या महिन्यात असते, वर्षाने मैदान ओस पडतं. जत्रा जत्रेच्या दिवशीच बघावी लागते. पण कॅम्पेन ही जत्रा नाही, ते देऊळ आहे. चैत्रात जा नाही तर मार्गशीर्षात, मूर्ती तीच. त्यातही जत्रा आणि देऊळ एकाच तिकिटात विकलं जातं. ज्याला फक्त कॅम्पेन हवं तो पूर्ण किंमत देतो तेव्हा जत्रेचेही पैसे भरतो आणि जत्रेला जात नाही.

थांबण्यात तोटा काहीच नाही, असंही मी म्हणत नाही. वसतिगृहात सगळे रात्री त्यावरच बोलताहेत आणि आपण कानात बोटं घालून फिरायचं, हा तोटा खरा आहे. सोबतीने बोलण्याचा आनंद हा आनंदच आहे, त्याला उगाच कमी लेखू नये. दुसरा तोटा असा की काही गेम वर्षानुवर्षं भाव सोडत नाहीत, आणि काही तर दुकानातूनच जातात. 'स्पेक ऑप्स: द लाईन' हा २०१२ चा शूटर, जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या कादंबरीवरून सुचलेला. बंदूक चालवणाऱ्यालाच 'तू हे का करतोयस' असं विचारणारा. जानेवारी २०२४ मध्ये तो ऑनलाईन दुकानांतून काढला गेला, कारण त्याच्याशी संबंधित परवान्यांची मुदत संपत होती. बारा वर्षं 'घेऊ कधीतरी' म्हणणाऱ्यांची गाडी तिथे चुकली. पण बारा वर्षं आणि सहा महिने यांत फरक आहे, राजेहो.

आता पैशाकडे येतो. ७० डॉलर आणि साडेपाच हजार रुपये हे बँकेच्या हिशेबात एकमेकांच्या आसपास आहेत. माणसाच्या हिशेबात नाहीत. अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. आठ तासांचा दिवस धरला तर ७० डॉलर म्हणजे सव्वा दिवसाचं काम. आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये. भागाकार तुम्हीच करा, सतरा दिवसांच्या वर जातो. सव्वा दिवस आणि साडेसतरा दिवस. तिकडचा परीक्षक लिहितो, 'जरा आखूड आहे, पण घेऊन टाका.' त्याच्या गावात ते खरं असेल. शिवाय अनेक परीक्षकांना प्रत कंपनीकडून फुकट येते. त्याला अडथळे कसे आहेत ते विचारा, रस कोणता आहे ते विचारा. किंमत योग्य आहे का, हे त्याला विचारू नका.

मी त्या विद्यार्थ्याला उलट एकच विचारलं होतं: पैसे कोणाचे? त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की वडिलांचे, त्यांनी दिवाळीला दिलेले. म्हणजे हिशेब सरळ आहे. एक क्विंटल सोयाबीन, आणि बाजारात भाव हमीभावाखाली असेल तर क्विंटलाहून जास्तच. आणि तेही अशा महिन्यात विकलेलं, ज्यात वडील थांबू शकले नाहीत. वडिलांनी पडत्या भावात विकलं, आणि त्याच पैशाने मुलाने चढ्या भावात घेतलं. दोन्हीकडे थांबण्याची ताकद दुसऱ्याच्या हातात. यातली वडिलांची बाजू त्या मुलाला बदलता येण्यासारखी नाही. स्वतःची येते. मी त्याला लिहिलं, वडिलांना विचारून बघ, "बाबा, हे सहा तासांचं आहे, चांगलं आहे, आत्ता साडेपाच हजाराला आहे, उन्हाळ्यात कमीत मिळू शकतं." ते काय म्हणतील ते दोघांनाही माहीत आहे. आणि विचारायला संकोच वाटत असेल, तर मूल्याबद्दलचं तुझं उत्तर तुझ्याकडे आधीच आहे. मौज वाईट म्हणून मी हे म्हणत नाही. कारंज्याच्या जत्रेत बापाने पोराला घेऊन दिलेली पिपाणीही मौजच असते. तिथे दोघांना किंमत माहीत असते, एवढंच.

काही व्यवहाराच्या गोष्टी घाईने सांगतो. कॉम्प्युटरवर स्टीम नावाच्या दुकानातून घेतलं तर १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर, पैसे परत मिळतात. २०१५ पासूनची ही सोय आहे. सहा तासांच्या कॅम्पेनमध्ये दोन तास म्हणजे तिसरा हिस्सा. आंबा कापून बघण्यासारखंच ते. पहिले दोन तास लक्षपूर्वक खेळा आणि मग ठरवा. प्लेस्टेशनवर डाऊनलोड सुरू केलं की साधारणपणे परतीचा रस्ता बंद, तिथे जपून. पण तिथे डिस्क मिळते, आणि डिस्क मित्राला देता येते, विकता येते. सहा तासांत संपणारी वस्तू पुढे विकता आली तर तिची खरी किंमत निम्म्यावर येते. डाऊनलोड केलेल्या गेमचे तुम्ही मालक नसता, फक्त परवानाधारक असता. हे स्टीमने २०२४ पासून पैसे भरायच्या पानावर स्पष्टच लिहायला सुरुवात केली आहे. आणि गावाकडे राहणाऱ्यांनी आकार बघावा. हे गेम शंभर-शंभर जीबीचे असतात. मोबाईलच्या रोज दोन जीबीच्या पॅकवर शंभर जीबी उतरायला पन्नास दिवस लागतील. तोवर भाव उतरलेला असण्याची शक्यता बरीच. (हशा)

आता मी माझ्याच म्हणण्याला एक अपवाद जोडतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केला. शूटर नाही तो. त्रिशूळ, धनुष्य घेऊन लढायचं आहे, पण एकट्याने खेळायची मोहीमच आहे, पाच-सहा तासांची. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते, आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत बोलत सांगतात. राजस्थानी वळणाचे महाल, भिंतींवर चित्रं. या मंडळींनी २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे एका मोठ्या परदेशी कंपनीचं अनुदान मिळालं, आणि १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेन्डोच्या यंत्रावर आला, ऑक्टोबरात इतरत्र. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. आणि त्याची पूर्ण किंमत? त्या ७० डॉलरवाल्यांच्या जवळपासही नाही, अमेरिकेत २५ डॉलर. म्हणजे पूर्ण किंमत हा काही एकच आकडा नाही, हेही लक्षात घ्या. २०१७ मध्ये सोनीने 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' आणला, तोही बंदुकीचाच, आपल्या सह्याद्रीत घडणारा, होयसळांची देवळं आणि गणपतीचा मोडलेला दात यांच्याभोवती विणलेला. आधीच्या खेळांपेक्षा आखूड म्हणून त्यांनी आपणहून ४० डॉलरच लावले. बनवणाराच माप ओळखून भाव लावतो तेव्हा गिऱ्हाइकाचं अर्धं काम होतं.

राजीकडे परत येतो. तिथे थांबण्याचा सल्ला मी देत नाही, आणि याचं कारण गिऱ्हाईक आणि आश्रयदाता यांच्यातला फरक. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं सोळावं लेणं त्याने खोदवलं, तसा लेख तिथे आहे. वराहदेवाने 'दर तासाला किती दर्शन पडेल' असं विचारलं असतं तर डोंगर अजून अखंड असता. गिऱ्हाईक झालेल्या वस्तूचे पैसे देतं. आश्रयदाता जी वस्तू अजून व्हायची आहे तिचेही देतो. मोठ्या कंपनीच्या गेमला तुमच्या-माझ्या आश्रयाची गरज नाही, तिथे खुशाल थांबा, घासाघीस करा. पाच-पन्नास लोकांच्या चमूला पहिल्या महिन्यातली पूर्ण किंमत म्हणजे दुसरा गेम होणार की नाही याचं उत्तर असतं. ती किंमत आपल्या ऐपतीत असेल, आणि पैसे आपले स्वतःचे असतील, तर ती पहिल्या दिवशी द्यावी.

राजीत उणिवा नाहीत असं समजू नका. लढाया काही ठिकाणी रटाळ होतात, आणि शेवट तर असा मध्येच तोडलेला आहे की खेळणारा 'हे काय?' म्हणत बसतो. बऱ्याच परीक्षकांनी तेच लिहिलं, आणि बरोबर लिहिलं. पूर्ण किंमत दिली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, उलट तो पक्का होतो. बनवणाऱ्यांना तसं कळवावं, नाव-गाव घालून, सभ्य भाषेत.

पुढच्या शनिवारी प्रश्नोत्तरं घेऊ. प्रश्न शुक्रवारपर्यंत पाठवा, आणि फालतू वाटेल म्हणून गाळू नका.